सामायिक गीझर

कुंदा कानविंदे आणि अनुराधा टिपणीस यांच्यात विस्तव जात नव्हता, आणि राहत होत्या मात्र दोघी एकाच फ्लॅटमध्ये. शारजात, अल मजाजला, खालिद लगून नावाच्या खाडीच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर. दोन बेडरूम, हॉल, किचन आणि बाथरूम एकच. त्या बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर पन्नास लिटरचा गीझर आडवा बसवलेला होता. अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात तो गीझर बिघडायला लागला. बिघडताना त्यानं रीतसर सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. पण या घरात गीझरचं ऐकायला कोणाला वेळ होता? दोघी एकमेकींवर कान लावून बसलेल्या. आणि त्या गीझरच्या बरोबर खाली, प्लॅस्टिकच्या पाटावर, अनुराधाची चार वर्षांची शुभ्रा रोज सकाळी अंघोळीला बसायची.

आधी कुंदा काय चीज होती ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटायचं नाही. ती मूळची मुलुंडची. लग्नाआधी शाळेत गणित शिकवायची आणि पोरांना वर्गाबाहेर उभं करण्यात तिचा हात कोणी धरत नसे. नवरा प्रल्हाद अबुधाबीला, मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये प्रॉडक्शन इंजिनीअर. आठवडाभर कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा, गुरुवारी दुपारी घरी यायचा आणि शुक्रवारी रात्री परत. तेव्हा घर, सहावीतली वैभवी आणि भांडणं, हे सगळं कुंदा एकटी बघायची. दुपारी गणिताच्या ट्यूशन घ्यायची. पोरं पास व्हायची आणि त्यांच्या आया तिला लिफ्टमध्ये टाळायच्या. खालच्या ग्रोसरीवाल्याशी तिचं कोथिंबिरीवरून वाजलेलं. बिल्डिंगचा वॉचमन लियाकत, ज्याला इथे सगळे नातूर म्हणतात, त्याच्याशी कचऱ्याच्या पिशवीवरून. तिसऱ्या मजल्यावरच्या शहरबानूशी कपड्यांतून निथळणाऱ्या पाण्यावरून. शहरबानूनं ते मनावर घेतलं नाही, पोराला ट्यूशनला पाठवत राहिली, म्हणून तेवढ्या एका बाईशी कुंदा धड बोलायची.

फ्लॅट प्रल्हादच्या नावावर होता आणि एक बेडरूम त्यांनी शेअरिंगला दिली होती. त्या काळी शारजात अशी बरीच कुटुंबं राहायची. ओळखीतून ओळख काढायची, आपली माणसं म्हणून घरात घ्यायचं आणि मग आपल्या माणसांशी जेवढं कडाकडा भांडता येतं तेवढं भांडायचं. अनुराधा चिंचवडची, नवरा विलास दुबईत, बर दुबई भागातल्या एका कंपनीत सेल्स कोऑर्डिनेटर. पाडव्याच्या सुमारास राहायला आले. पहिले दोन महिने नुसतं गोडाचं चाललं होतं. इकडून "कुंदावहिनी, मसाला कुठला हो वापरता?" आणि तिकडून "अगं अनुराधा, शुभ्राला दे माझ्याकडे, तू निवांत जेव." ऐकणाऱ्याला साखर खाल्ल्यासारखं व्हायचं.

मग उन्हाळा आला. या देशात राहिलेल्याला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. इथे जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळाखाली हात धरवत नाही. म्हणून मे महिन्यात सगळे गीझर बंद करून टाकतात. गीझर घरात असतो, एसीच्या गारव्यात, त्यामुळे त्याच्या पोटातलं पाणी त्यातल्या त्यात थंड राहतं. सहा महिने लोक गरम नळानं थंड अंघोळ करतात. पण ते थंड पाणी गीझरच्या एका टाकीपुरतंच. पहिली जी आत जाईल तिचं ते. दुसरीच्या नशिबी भाजणारं.

जुलैत एकदा कुंदा फिश मार्केटातून घामानं निथळत घरी आली. बाथरूमला आतून कडी. आत अनुराधा शुभ्राला पाण्यात खेळवत बसलेली, मायलेकी खिदळतायत, गरम नळ सोडलेला. ती बाहेर आली तेव्हा टाकीत थेंबभर थंड पाणी उरलं नव्हतं. कुंदा म्हणाली, "पाणी काय तुझ्या माहेराहून आणलंयस?" अनुराधाही काही कमी नव्हती. ती म्हणाली, "नाही वहिनी, पण मुलुंडहूनही आलेलं नाही." झालं. एवढ्याशा गोष्टीवरून दोघींचं बोलणं जे बंद झालं ते झालं.

बोलणं बंद म्हणजे तोंड बंद असं कोणी समजू नये. आता दोघी हवेशी बोलायला लागल्या. कुंदा किचनमध्ये ओट्याकडे तोंड करून म्हणायची, "काही लोकांना बेसिनमध्ये केस टाकायची सवय असते." अनुराधा हॉलमधून शुभ्राला सांगायची, "बाळा, काही लोकांना दुसऱ्यांचे केस मोजायची सवय असते." फ्रिजमध्ये मधोमध बॉर्डर पडली. विलास बिचारा सकाळी टाय बांधून, डबा घेऊन, मान खाली घालून निघून जायचा. वैभवी शाळेतून आली की कानाला वॉकमन लावायची. एकदा ती म्हणाली, "मम्मा, यू आर बोथ सो चाइल्डिश," त्यावर कुंदानं तिचा वॉकमन आठवडाभर कपाटात ठेवला.

नोव्हेंबर संपता संपता हवा गार झाली आणि गीझर सुरू झाला. त्याचं बटण बाथरूमच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये. मोठं पांढरं बटण आणि त्यात लाल दिवा. आता त्या बटणावरून लढाई जुंपली. अनुराधा लावायची, कुंदा येता-जाता खाडकन बंद करायची. अनुराधा अंगाला साबण लावून बसली की हमखास तो खटका ऐकू यायचा. शेवटी अनुराधानं एक युक्ती काढली. ती रात्रीच मोठ्या झाकणाच्या बादलीत कढत पाणी भरून ठेवायची, म्हणजे सकाळी शुभ्रापुरतं कोमट मिळायचं आणि कुंदाच्या बटणाची मेहरबानी नको. याचा कुंदाला असा राग आला की ती दोन दिवस जेवली नाही नीट.

डिसेंबरच्या सुरुवातीला गीझर वाजायला लागला. सकाळी पाणी तापताना आधी टक टक, मग आत कोणी खडे घोळवतंय असा गुडगुडाट. तळाशी गाळ आणि गंज साठला की टाकी अशी वाजते. कुंदाची बेडरूम बाथरूमला लागून. तिनं ऐकलं आणि मनाशी ठरवून टाकलं की अनुराधा मुद्दाम भिंतीवर मग आपटते. तिनं पोळ्यांचं लाटणं आणलं आणि आपल्या बाजूनं भिंतीवर दाणदाण चार ठोके दिले. तिकडे अनुराधाला वाटलं, वहिनींनी आता भिंती ठोकायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तिनंही ठोकलं. मध्ये गीझर आपला स्वतःच्या दुखण्यानं वाजतोय आणि दोन्हीकडून दोघी त्याला ठोकून उत्तरं देतायत, असा प्रकार बरेच दिवस चालला.

मग पाणी तांबूस यायला लागलं. प्रल्हादचे पांढरे बनियन पिवळे पडले. टाकी आतून गंजली होती, दुसरं काही नाही. पण कुंदानं बनियन नाकाशी धरला आणि निकाल दिला की ही बया मेंदी कालवलेला मग आपल्या बादलीत बुडवते. तिनं स्वतःची बादली बेडरूममध्ये नेऊन ठेवली. अनुराधानं शुभ्राचे पिवळे पडलेले फ्रॉक बघितले आणि ओळखलं की वहिनी बादलीत हळद टाकतात. त्या दिवसापासून तिचीही बादली बेडरूममध्ये.

गुरुवारी प्रल्हाद आला की कुंदा त्याच्यापुढे सगळा पाढा वाचायची. आवाज, रंग, बटण. आठवडाभर टाक्यांची वेल्डिंग बघून तो वैतागलेला. सोफ्यावर आडवा होऊन म्हणाला, "गीझर जुना आहे, वाजणारच. नवीन तीनशे दिरहमला मिळतो, म्हणजे आपले साडेतीन हजार रुपये झाले. टिपणीसला सांग, अर्धे अर्धे टाकू. खलास."

"मी सांगू? मी त्यांच्याशी बोलत नाही."

"मग मी बोलतो विलासशी."

"तू बोललास तर मी बोलणं बंद करीन. तुझ्याशी."

प्रल्हादनं पेपर तोंडावर घेतला. माणूस हुशार होता, पण घरात त्याला शांतता हवी होती आणि ती मिळवायचा त्याला हा एकच मार्ग ठाऊक होता.

ख्रिसमसच्या सुट्टीत पाण्यानं एकदा वैभवीचा हात भाजला. थर्मोस्टॅट बिघडलेला होता. पाणी ठरावीक तापलं की वीज तोडायचं त्याचं काम, ते तो विसरायला लागला होता. कुंदानं पोरीच्या हातावर बर्फ धरला आणि मोठ्यानं, हॉलपर्यंत जाईल असं म्हणाली, "लोक रात्रभर बटण चालू ठेवतात. दुसऱ्याचं पोर भाजलं तर त्यांना काय?" वैभवी म्हणाली, "मम्मा, इट वॉज ऑन फॉर टेन मिनिट्स. आय स्विच्ड इट ऑन मायसेल्फ." पण आईला ते ऐकायचंच नव्हतं.

त्याच सुट्टीत कुंदानं आणखी एक उद्योग केला. तो मुद्दाम सांगते, कारण पुढे तोच नडला. अनुराधा अंघोळीला बसून बराच वेळ झाला म्हणून तिनं दार धडधडवलं आणि ओरडली की बिल्डिंगचं पाणी बंद होतंय, लवकर बाहेर या. अनुराधा डोक्याला शाम्पू तसाच ठेवून, शुभ्राला काखोटीला मारून बाहेर आली. पाणी काही बंद झालं नाही. कुंदा शांतपणे आत शिरली आणि अर्धा तास अंघोळ करत बसली. अनुराधा किचनच्या सिंकमध्ये थंड पाण्यानं डोकं धूत रडली, ते कुंदानं ऐकलं. ऐकून तिला बरं वाटलं. असं वाटू नये, पण वाटलं.

नवीन वर्षात सीलिंगमधून पाणी ठिबकायला लागलं. गीझरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत दाब वाढला की तो थोडं पाणी बाहेर सोडतो. त्याची बारीक नळी सीलिंगच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली होती आणि तिच्यातून थेंब थेंब गरम पाणी पडायचं. पडायचं ते नेमकं आरशासमोर उभ्या असलेल्या कुंदाच्या मानेवर. तिनं लियाकतला बोलावलं. तो शिडी लावून चढला, वर डोकावला आणि म्हणाला, "मैडम, ये पाइप शायद टपकने के लिए ही रखा है. मुझे मालूम नहीं. मेंटेनन्स का आदमी आएगा तो पूछेंगे, इन्शाल्ला."

"तुम्हारा इन्शाल्ला मतलब अगला साल. बंद करो."

लियाकतनं लाकडाची गुल्ली तासली, नळीच्या तोंडात ठोकली आणि वरून टेप गुंडाळला. खाली उतरून हात झटकले. "खलास, मैडम." ठिबकणं थांबलं. कुंदा इतकी खूष झाली की तिनं त्याला चहा पाजला, जे तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

आता विलासचं सांगितलं पाहिजे. दिवाळीनंतर लगेचच, एका सकाळी कुंदा भाजी घेऊन लगूनच्या कडेनं येत होती आणि तिला बाकावर विलास दिसला. टाय काढून खिशात कोंबलेला, बॅग पायाशी, मांडीवर डबा. ऑफिसची वेळ उलटून गेलेली. तिला वाटलं, बरं नसेल. दोन दिवसांनी पुन्हा तिथेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा. शहरबानूचा नवरा विलासच्याच कंपनीत होता. ट्यूशनच्या पोराला न्यायला आलेल्या शहरबानूनं आपणहून सांगितलं, "वो टिपणीस भाई की तो नौकरी गई ना, बेचारे." म्हणजे माणसाची नोकरी गेली होती, कंपनीनं व्हिसा अजून रद्द केला नव्हता एवढंच, आणि हा रोज सकाळी टाय बांधून बायकोला बाय करून लगूनवर जाऊन बसत होता. अनुराधाला पत्ता नव्हता. ती रोज त्याला पोळीभाजी बांधून देत होती.

कुंदानं हे कोणाला सांगितलं नाही. प्रल्हादलाही नाही. कोणाला वाटेल की चला, एवढी तरी माणुसकी होती. तसलं काही नव्हतं. तिनं ते राखून ठेवलं होतं. अनुराधा फणकाऱ्यानं समोरून गेली की कुंदा मनात म्हणायची, चाल बाई, किती तोऱ्यात चालायचं ते चाल, एक शब्द बोलले तर तुझं काय होईल ते तुला ठाऊक नाही. त्या एका गोष्टीच्या जोरावर तिचे दिवस मजेत चालले होते.

जानेवारीतला शनिवार, आठवड्याचा पहिला दिवस. प्रल्हाद आदल्या रात्री अबुधाबीला गेलेला. वैभवी स्कूल बसनं गेली, विलास टाय बांधून गेला. कुंदानं कुकर लावला आणि तुपकट पातेलं विसळायला सिंकचा गरम नळ सोडला. किचनला गरम पाणी त्याच गीझरमधून यायचं. नळातून पाणी आलंच नाही. फर्रकन वाफ आली, मागून उकळतं पाणी थुंकल्यासारखं उडालं आणि तिचं मनगट पोळलं. तिनं फडक्यानं नळ कसाबसा बंद केला आणि शिवी तोंडाशी आली. शिवी अर्थात अनुराधाला. तेवढ्यात शेगडीवरच्या कुकरची शिटी झाली.

त्या शिटीनं कुंदा जागच्या जागी थिजली. वर्गात गणित सुटावं तसं तिला सगळं एका रांगेत दिसलं. कुकरची शिटी होते तोवर भीती नसते, हे तिला आईनं नऊवारीच्या पदराला हात पुसत शिकवलं होतं. शिटी अडकली की पळायचं. बाथरूममधली शिटी म्हणजे ती ठिबकणारी नळी, आणि ती तिनंच गुल्ली ठोकून बंद करून घेतली होती. भिंतीतला गुडगुडाट आता येत नव्हता. त्याच्या जागी एक बारीक, एकसारखी घरघर येत होती.

ती पॅसेजमध्ये धावली. बटणातला लाल दिवा जळत होता. काल संध्याकाळी अनुराधानं बादली भरायला लावलं होतं आणि बंद केलं नव्हतं, कारण ते कुंदा करतेच. कुंदानं झोपायला जाताना दिवा बघितला होता आणि बंद केलं नव्हतं, कारण जिनं लावलं तिनं उठून बंद करावं. रात्रभर ते तसंच राहिलं होतं. तिनं बटण दाबलं. खटका वाजला. घरघर काही थांबली नाही. आणि बंद दाराच्या आत मगानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि शुभ्रा काहीतरी बडबडत होती.

कुंदानं दारावर थाप मारली. "अनुराधा, बाहेर ये."

पाणी बंद होण्याची ती थाप सोडली, तर जुलैनंतर पहिल्यांदा ती तिच्याशी थेट बोलत होती. आतून अनुराधाचा आवाज आला. "बटणाचा खटका ऐकला मी. करा बंद. माझं पाणी बादलीत आहे."

"गीझर फुटणार आहे. शुभ्राला घे आणि बाहेर ये."

"मागच्या वेळी पाणी बंद होणार होतं. आज गीझर फुटणार का?"

"खरं सांगते मी. वैभवीची शपथ."

"लेकीची खोटी शपथ घेऊ नका वहिनी. आम्हाला अजून वेळ लागणार आहे, आज केस धुवायचेत." आणि आतली दुसरी कडी सरकवल्याचा आवाज आला.

कुंदानं दाराला खांदा लावून बघितला. दार जुनं पण दणकट होतं. वर सीलिंगमध्ये काहीतरी करकरलं. लियाकतला बोलवायला खाली जायचं म्हणजे लिफ्ट, गेट, तेवढा वेळ नव्हता. विनवण्या करून ही बाहेर येणार नाही, उलट जितकं विनवावं तितकी आत बसेल, हे कुंदाला पुरतं कळत होतं. तिच्या जागी ती स्वतः असती तर तिनंही तेच केलं असतं. आपलं खरं बोलणं खरं वाटावं असं तिनं या घरात काही ठेवलंच नव्हतं. उरली होती ती एकच गोष्ट.

तिनं दाराच्या फटीशी तोंड नेलं. "विलास ऑफिसला जात नाही," ती म्हणाली.

आत पाणी ओतल्याचा आवाज थांबला.

"तुझ्या नवऱ्याची नोकरी गेलीय. रोज सकाळी तो लगूनवरच्या बाकावर जाऊन बसतो. सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. तुलाच नाही."

"काय बोलताय तुम्ही?"

"बाहेर ये, मग सांगते."

कड्या निघाल्या, एक, मग दुसरी. दार उघडलं. अनुराधाचा गाऊन भिजलेला, हातात मग तसाच, पाठीमागे टॉवेलात गुंडाळलेली शुभ्रा. अनुराधाचा चेहरा असा झाला होता की ती मारायलाच आलीय असं वाटावं. कुंदा एक पाऊल मागे सरकली. "टाय काढून खिशात ठेवतो," ती म्हणाली. अनुराधा एक पाऊल पुढे आली. शुभ्रा तिच्या गाऊनला धरून बाहेर आली. कुंदा आणखी मागे सरकली, हॉलकडे. "परवा तू भेंडी दिली होतीस. अकरालाच संपवून बसला होता. मग झोपला बाकावर, पेपर तोंडावर घेऊन." एकेक वाक्य टाकत, एकेक पाऊल मागे घेत तिनं त्या दोघींना पॅसेजच्या टोकापर्यंत आणलं. आणि खरं ते सांगायला हवं, ते बोलताना तिच्या जिभेला चव आली. मनगट भाजलेलं होतं, तरी चव आली. इतके महिने जपून ठेवलेलं होतं ते.

"खोटं आहे," अनुराधा म्हणाली.

"शहरबानूला विचार. तिचा नवरा तिथेच आहे."

अनुराधाचा मग धरलेला हात वर गेला. कुंदा तो चुकवायलाही हलली नाही. तेवढ्यात मागे काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि पाठोपाठ धडाका झाला. सीलिंगच्या पट्ट्या, तुटलेला पाइप, टाकीचं उसवलेलं बूड, सगळं बाथरूममध्ये कोसळलं आणि उकळत्या पाण्याचा लोंढा दारातून पॅसेजमध्ये आला. वाफेनं काही दिसेना. कुंदानं शुभ्राला उचललं आणि सोफ्यावर चढली. अनुराधाही चढली. पाणी सोफ्याच्या पायांपर्यंत येऊन थांबलं. शुभ्रा भोकाड पसरून रडत होती, पण तिच्या अंगावर एक थेंब पडला नव्हता. वाफ जरा विरली तेव्हा दारातून तो प्लॅस्टिकचा पाट दिसला. त्याच्यावर टाकी पडली होती आणि पाटाचे चार तुकडे झाले होते.

दोघी त्या पाटाकडे बघत राहिल्या. कुंदाला वाटलं, आता ही रडेल, पाया पडेल, निदान हात तरी धरेल. गेल्या सहा महिन्यांचं सगळं त्या पाण्याबरोबर वाहून जाईल असंही तिला वाटलं. अनुराधानं शुभ्राला तिच्या हातातून काढून घेतलं.

"विलासचं केव्हापासून माहीत होतं तुम्हाला?"

कुंदानं भाजलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

"आणि गीझरचं?"

"आत्ता कळलं," कुंदा म्हणाली.

अनुराधानं मान हलवली. मग ती सोफ्यावरून उतरली, अजून गरम असलेल्या पाण्यातून चालत आपल्या बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी विलास नेहमीच्या वेळेला आला. टाय पुन्हा बांधलेला होता. बेडरूमचं दार बंद झालं आणि आतून काहीही ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुंदा भिंतीला कान लावून बसली नाही. बाथरूममध्ये लियाकत सुपड्यानं पट्ट्यांचे तुकडे गोळा करत होता. नळीत ठोकलेली गुल्ली त्याला सापडली. ती त्यानं कुंदाच्या हातात दिली आणि निघून गेला.

प्रल्हादनं गुरुवारी सगळं बघितलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. वेल्ड कुठे सुटलं ते त्यानं बोटानं दाखवलं आणि नवा गीझर स्वतः बसवून घेतला. पुढे तो मित्रमंडळीत ही हकीकत रंगवून सांगायचा. आमच्या हिनं दोन जीव वाचवले, असं डोकं चालवलं, असं बाहेर काढलं. बायका कौतुकानं कुंदाकडे वळायच्या. कुंदा उठून किचनमध्ये जायची आणि भांडी आपटायची. लोक म्हणायचे, स्तुतीसुद्धा सोसत नाही या बाईला.

फेब्रुवारी संपण्याआधी टिपणीस मंडळी परत चिंचवडला गेली. इथे नोकरी मिळाली नाही आणि व्हिसाही संपला. निघायच्या सकाळी विलास कुंदासमोर येऊन उभा राहिला. डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाला, "वहिनी, तुमच्यामुळे दोघी वाचल्या. उपकार आहेत." तो बॅगा घेऊन खाली गेला. अनुराधा शुभ्राचा हात धरून लिफ्टपाशी थांबली होती. कुंदा दारात आली. इतके दिवस तिनं मनात घोकलेलं वाक्य अखेर तिच्या तोंडून निघालं.

"त्या दिवशी माझ्यापुढे दुसरा इलाजच नव्हता गं."

अनुराधानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच कुंदाला जास्त लागलं.

"होता," ती म्हणाली. "दिवाळीत होता. मला हाक मारायची होती, वहिनी, मी पलीकडच्याच खोलीत होते."

लिफ्ट आली. शुभ्रानं हात हलवला, तिला तेवढीच सवय होती. कुंदा दार लावून आत आली. पॅसेजमध्ये नव्या गीझरच्या बटणात लाल दिवा जळत होता. सकाळी अनुराधानं लावलं असणार, प्रवासाआधी पोरीला अंघोळ घालायला. कुंदा त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिनं ते बंद केलं आणि रिकाम्या बेडरूमचं दार ओढून घेतलं.